गाडीचा मागचा जन्म

मिस्त्रींनी बॉनेटकडे पाहिलंसुद्धा नाही. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, सीटबेल्ट धरला आणि विहिरीतून दोर ओढावा तसा ओढत गेले, पार शेवटपर्यंत. एरवी आपण बेल्ट हातभर ओढतो. उरलेला पट्टा खांबाच्या आत गुंडाळलेला, वर्षानुवर्षं उजेड न बघता पडलेला असतो. तो शेवटचा वीतभर पट्टा बाहेर आला तेव्हा त्याच्यावर फिक्या चहाच्या डागासारखी आडवी रेघ होती. मिस्त्रींनी ती नखानं खरवडली, बोट नाकाशी नेलं आणि पट्टा सोडून दिला. तो सर्रकन आत गेला.

"चला," ते माझ्या भाच्याला म्हणाले, "चहा घेऊ."

पुण्याच्या बाह्यवळण रस्त्याला लागून पत्र्याचं कुंपण घातलेला हा प्लॉट. आत तीसेक गाड्या, सगळ्यांचे टायर काळ्या पॉलिशनं चकचकीत, सगळ्यांच्या काचेवर पांढऱ्या रंगानं लिहिलेली वर्षं. भाच्यानं पसंत केलेली हॅचबॅक पांढरीशुभ्र होती, आतून नव्या कोऱ्या सीट कव्हरांचा वास येत होता आणि पाटीवर लिहिलं होतं, ‘फर्स्ट ओनर, डॉक्टरची गाडी’. महाराष्ट्रात जितके डॉक्टर आहेत त्यांच्या चौपट गाड्या डॉक्टरांच्या असाव्यात, असं जुना बाजार फिरल्यावर वाटायला लागतं. मास्तरांची गाडी कुणी विकत नाही, वकिलाची तर नाहीच नाही.

चहाच्या टपरीवर मिस्त्रींनी भाच्याची शिकवणी घेतली. दाराचं रबरी बीडिंग ओढून खालचा पत्रा बघायचा. कंपनीचे स्पॉट वेल्डिंगचे ठिपके गोल आणि समान अंतरावर असतात, गॅरेजमध्ये बसवलेल्या पत्र्याचे तसे नसतात. मडगार्डच्या बोल्टवर पान्याचा ओरखडा आहे का बघायचं. सगळ्या काचांच्या कोपऱ्यातले बारीक आकडे वाचायचे. पाच काचा एका सालच्या आणि सहावी दोन वर्षांनी धाकटी असेल तर तिची चौकशी करायची. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. मीटर तीस हजार दाखवतंय आणि क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, तर दोघांपैकी एक खोटं बोलतंय. आणि रबर काही खोटं बोलत नाही. पूर्वी मीटर मागे घ्यायला ते खोलून चक्रं फिरवावी लागत. आता डॅशबोर्डखालच्या सॉकेटला लॅपटॉप जोडला की चहा गार व्हायच्या आत पन्नास हजार किलोमीटर उडून जातात.

"आणि इंजिन?" भाच्यानं विचारलं.

"इंजिन होतं की दुरुस्त," मिस्त्री म्हणाले. "पैसे टाकले की क्लच नवा मिळतो, टायर नवे मिळतात. मागचा जन्म तेवढा नवा मिळत नाही."

मी गेली काही वर्षं जुन्या गाड्यांच्या धंद्यातल्या माणसांशी बोलतो आहे. पुण्यात, कोल्हापूरकडे, गोव्यात, आणि फोनवरून थेट शारजापर्यंत. एवढं ऐकून माझं मत असं झालंय की जगभर हा धंदा एकाच गोष्टीवर चालतो. गाडी कुठल्या तरी हद्दीवरून पलीकडे जाते, हद्द जिल्ह्याची असो, राज्याची असो की समुद्राची, आणि पलीकडे गेली की तिचा मागचा जन्म पुसला जातो. काही देशांनी तो लिहून ठेवायची सोय केली आहे. काहींनी तो पुसायची.

मी हे शिकलो ते मात्र रोख फी भरून.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. माणसं गेली, घरं गेली, आणि मुंबईच्या तळघरांत, सखल रस्त्यांवर, कंपन्यांच्या पार्किंगमध्ये हजारोंनी गाड्या बुडाल्या. त्या गाड्यांचं पुढं काय झालं, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. मी तर नाहीच. २००६च्या फेब्रुवारीत मी पुण्यात एका दलालाकडून मुंबई पासिंगची एक गाडी घेतली. किंमत बाजारभावापेक्षा चाळीस हजारांनी कमी. आत गुलाबाच्या अत्तराचा इतका वास, की लग्नाच्या कार्यालयात शिरल्यासारखं वाटावं. दलाल म्हणाला, "शेठ, मालक परदेशी चाललेत, घाई आहे."

जूनपर्यंत सगळं ठीक होतं. मृगाचा पहिला पाऊस पडला त्या रात्री दोन वाजता गाडीचा हॉर्न आपोआप वाजायला लागला आणि थांबेना. सगळी सोसायटी गॅलऱ्यांत आली. पुढच्या आठवड्यात काचा आपोआप खाली यायला लागल्या. शेवटी एका इलेक्ट्रिशियननं गालिचा उचलला. पितळी भांड्यात ताक ठेवावं तशा खालच्या वायरी कळकल्या होत्या. कनेक्टर उघडला तर आत हिरवी बुरशी धरल्यासारखी तांब्याची भुकटी. गालिच्याच्या खालच्या फोमात बोट खुपसलं तर गाळ लागला, बारीक, मुलायम, खाडीचा. मुंबईचा पाऊस मी पुण्यात विकत घेतला होता.

यातली व्यवस्था मला नंतर कळली. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा उतरवलेल्या किमतीच्या पाऊण हिश्श्याच्या वर गेला की विमा कंपनी तिला ‘टोटल लॉस’ धरते. मालकाला पैसे मिळतात, आणि बुडालेली किंवा चेपलेली गाडी बोली लावून विकली जाते. तोवर सगळं रीतसर. पण विकत घेणारा ती धुतो, वाळवतो, रंगवतो आणि दुसऱ्या शहरात उभी करतो. आपल्या आरसी बुकावर मालकाचं नाव असतं, इंजिन नंबर असतो, चेसिस नंबर असतो; गाडी एकदा मेली होती, याला तिथे रकाना नाही.

माझी गाडी बुडाल्यावर महिनाभरात अमेरिकेत कतरिना वादळ आलं आणि न्यू ऑर्लिन्समध्ये तोच प्रकार कितीतरी मोठ्या प्रमाणावर झाला. तिथे कागदावर रकाना आहे. गाडीच्या मालकीपत्राला तिकडे ‘टायटल’ म्हणतात आणि विमा कंपनीनं मेलेली ठरवलेल्या गाडीच्या टायटलवर ‘सॅल्व्हेज’ असा शिक्का पडतो. कारफॅक्ससारख्या कंपन्या १९८०च्या दशकापासून हाच धंदा करतात. चेसिस नंबर सांगा, पैसे भरा, गाडीची कुंडली घ्या. आपल्याकडून एमएस करायला गेलेली पोरं पहिल्या थंडीच्या आत जुनी करोला नाहीतर सिव्हिक शोधायला लागतात तेव्हा सीनियर त्यांना पहिला धडा ‘क्लीन टायटल बघ’ हाच देतात. आणि तरीही तिथे ‘टायटल धुणं’ नावाची कला आहे. एका राज्याचा शिक्का दुसऱ्या राज्याच्या नियमात बसत नसेल, तर गाडी तिकडे नेऊन नोंदवायची. नवा कागद कोरा मिळतो. आपल्या दलालाला गुलाबाचं अत्तर लागलं, त्यांना नुसती राज्याची सीमा पुरली.

आपल्याकडचा हा बाजार आत्ताआत्तापर्यंत वेगळ्याच तालावर चालत होता. फियाट आणि अँबॅसेडरच्या काळात नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे. त्यामुळे चांगली जुनी गाडी नव्याच्या भावानं, कधी वरचढ भावानंही जाई, कारण ती आज मिळत होती. १४ डिसेंबर १९८३ला मारुती ८००ची पहिली किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली, त्यानंतरही नंबर लागलेल्यांनी तो ‘ऑन’, म्हणजे वरचे पैसे, घेऊन विकल्याच्या गोष्टी घरोघरी आहेत. गावात गाड्याच पाच-दहा असल्यामुळे प्रत्येकीचा मागचा जन्म सगळ्यांना पाठ. "ती भटांची फियाट, पुलावर ठोकलेली," असं पोरंसोरंही सांगत. तिथे कागद लागत नव्हता.

मग गाड्या इतक्या झाल्या की ओळख पुरेना. २००१मध्ये मारुतीनं ट्रू व्हॅल्यू सुरू केलं, पुढं इतर कंपन्याही आल्या, आणि २०१५च्या सुमारास मोबाइलवरून गाडी घेणाऱ्या-विकणाऱ्या नव्या कंपन्या. आज देशात नव्या गाड्यांपेक्षा जुन्या गाड्या जास्त विकल्या जातात. मोबाइलवर गाडी विकायला टाकली की घरी तपासनीस येतो, फोटो काढतो, आणि तुमची गाडी दूरदूरच्या डीलरांसमोर लिलावाला लागते. सोय मोठी आहे. पण तपासनीसाचा अहवाल डीलरला मिळतो. डीलरकडून पुढं घेणाऱ्या माणसाला परत काचेवरची पांढरी अक्षरंच वाचायची असतात.

आता कागदाकडे वळतो. हा भाग कंटाळवाणा आहे, पण माझ्या एका शेजाऱ्याला तो फार महाग पडला असता.

गाडी विकताना फॉर्म २९ आणि ३० लागतात. विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचं. कर्जाची असेल तर फॉर्म ३५ भरून बँकेचा बोजा उतरवायचा, दुसऱ्या आरटीओच्या हद्दीत जाणार असेल तर फॉर्म २८ची एनओसी. कायदा असा. धंदा असा की डीलर विकणाऱ्याकडून कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतो. याला बाजारात ‘ओपन टीटी’ म्हणतात. मग ती गाडी दुसऱ्या डीलरकडे जाते, तिथून तिसऱ्याकडे; प्रत्येक हातात नफा सुटतो आणि सरकारदरबारी गाडी हललेलीच नसते. नाव बदललं की मालक ‘सेकंड’, मग ‘थर्ड’ होतो, आणि प्रत्येक पायरीला भाव उतरतो. म्हणून सगळ्यांचाच फायदा नाव न बदलण्यात.

सगळ्यांचा, पहिल्या मालकाचा सोडून. शेजाऱ्यांनी गाडी विकली आणि चौदा महिन्यांनी त्यांच्या मोबाइलवर सोलापूर रस्त्यावरच्या अतिवेगाची चलानं येऊ लागली. ती भरता आली असती. त्यांची झोप उडाली ती एका वकिलानं सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०१८चा निकाल सांगितल्यावर. २००९च्या एका अपघातातली गाडी तोवर हातोहात पुढं गेलेली होती. न्यायालयानं सांगितलं की मोटार वाहन कायद्याच्या कलम २ (३०) नुसार नोंदवहीत ज्याचं नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याचीच. जखमींनी प्रत्येक खरेदीदाराच्या मागं धावत बसायचं नाही. निकाल न्यायाचाच आहे. पण तो वाचून मी माझ्या सगळ्या विकलेल्या गाड्या आठवत रात्रभर जागा होतो.

१ एप्रिल २०२३पासून यावर केंद्रानं एक नियम आणला. जुन्या गाड्यांच्या डीलरनं आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं. गाडी त्याच्या ताब्यात आली की फॉर्म २९सी भरून कळवायचं. तेव्हापासून गाडी पुढं विकली जाईपर्यंत मालक तो डीलर. गाडी कुठं, कशासाठी, किती किलोमीटर नेली, याची नोंदवहीही त्यानंच ठेवायची. विकणाऱ्यासाठी याहून चांगली गोष्ट नाही. मात्र बाह्यवळणावरच्या प्लॉटमध्ये मी २९सीबद्दल विचारलं तेव्हा तिथला पोरगा म्हणाला, "साहेब, ते मोठ्या शोरूमचं. आपलं घरगुती काम आहे."

करांचा एक गोंधळही इथेच मोकळा करतो. डिसेंबर २०२४मध्ये जैसलमेरच्या बैठकीत जीएसटी कौन्सिलनं सगळ्या जुन्या गाड्यांवर सरसकट १८ टक्के दर ठरवला आणि दुसऱ्या दिवशी घरोघरी गणितं सुरू झाली, बारा लाखांची गाडी पाच लाखांना विकली तर सात लाखांच्या तोट्यावर कर भरायचा का? मुळीच नाही. धंदा न करणाऱ्या साध्या माणसानं दुसऱ्या साध्या माणसाला आपली गाडी विकली तर जीएसटीच नाही. डीलरलाही तो त्याच्या मधल्या फरकावर: पाच लाखांना घेऊन पाच चाळीसला विकली तर चाळीस हजारांवर, म्हणजे ७,२०० रुपये. डीलरांना खरा घाम फुटला तो पुढच्या वर्षी. २२ सप्टेंबर २०२५ला, बरोबर घटस्थापनेच्या दिवशी, नव्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी एका रात्रीत स्वस्त झाली आणि प्लॉटमध्ये उभ्या असलेल्या जुनीचा भाव आपोआप खाली बसला. कालपर्यंत चार लाखांत घेऊन ठेवलेला माल आज कुणी पावणेचारला विचारेना. भांडवल अडकून पडलेल्या माणसाचं दुःख सांगताही येत नाही. नवी गाडी स्वस्त झाल्यावर कोण रडणार?

मागचा जन्म लिहून ठेवण्याची सगळ्यात पक्की रीत जपानची आहे.

तिथला जुन्या गाड्यांचा घाऊक बाजार लिलावघरांत भरतो. यूएसएस ही त्यातली सगळ्यात मोठी कंपनी, १९८०ची. तिचं टोकियोचं म्हणून ओळखलं जाणारं लिलावघर खरं म्हणजे शेजारच्या चिबा प्रांतात, नोदा गावी आहे, वार गुरुवार. आठवड्याच्या बाजाराला बैल उतरावेत तशा हजारो गाड्या उतरतात. पण ओरडाआरडा नाही. सभासद डीलर सिनेमागृहासारख्या ओळींत बसतात, समोर पडदे, हाताशी बटण. एका गाडीची बोली अर्धा मिनिटही चालत नाही. त्या वेळात गाडीजवळ कोण जाणार? ते पडद्यावरचा कागद वाचतात.

त्या एका पानाच्या कागदाला ऑक्शन शीट म्हणतात आणि माझ्या मते या धंद्यातला तो सगळ्यात सुंदर दस्तऐवज आहे. एका कोपऱ्यात गाडीचं वरून उलगडलेलं चित्र असतं, पेटी मोडून सपाट केल्यासारखं. त्यावर तपासनीसानं खुणा केलेल्या. ए१ म्हणजे बोटभर ओरखडा, ए३ म्हणजे मोठा. यू म्हणजे पोचा. डब्ल्यू म्हणजे इथे पत्रा सरळ करून रंग दिलाय, उजेडात लाट दिसेल. एक्सएक्स म्हणजे हा भाग बदललेला आहे. एस म्हणजे गंज. मग एकूण गुण: नव्यासारखी असेल तर एस किंवा ६, उत्तम असेल तर ५, साडेचार चांगली, चार ठीक, साडेतीनला हिशेबानं बोली, आणि सांगाड्याला मार बसून दुरुस्त झाली असेल तर आकडाच नाही, नुसता आर. आतल्या बाजूला ए, बी, सी, डी. सिगारेटचा डाग, कुत्र्याचे केस, तेही लिहिलेलं. तपासनीस ना विकणाऱ्याचा माणूस ना घेणाऱ्याचा, तो लिलावघराचा. त्याचं लिहिणं चुकलं तर ठरलेल्या मुदतीत लिलावघराकडे तक्रार करता येते. आमचे मिस्त्री वीस मिनिटांत जे करतात तेच हा करतो, फरक इतकाच की हा लिहून देतो, आणि चुकला तर लिलावघराला उत्तर द्यावं लागतं.

इतक्या चांगल्या गाड्या जपानी लोक टाकतात का? आपल्याकडे ऐकीव गोष्ट अशी की तिथे अमुक किलोमीटरनंतर गाडी मोडीतच काढावी लागते. तसा कायदा नाही. तिथे ‘शाकेन’ नावाची तपासणी आहे, नव्या गाडीला तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी. तपासणी, वजनाचा कर, सक्तीचा विमा, निघालेली दुरुस्ती, सगळं एकदम भरायचं. गाडी तेरा वर्षांची झाली की कर चढतो. मग माणूस हिशेब करतो आणि साठ-सत्तर हजार किलोमीटर चाललेली, वेळच्या वेळी ऑइल बदललेली गाडी बाजारात देऊन टाकतो. अलीकडे दरवर्षी पंधरा लाखांच्या आसपास जुन्या गाड्या जपानमधून परदेशी जातात. इंग्रजांमुळे रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालणाऱ्या देशांना तर ही पर्वणीच. केनिया, टांझानिया, युगांडा, झांबिया, श्रीलंका, बांगलादेश, न्यूझीलंड, सगळीकडे स्टिअरिंग उजवीकडे. मंगोलियात वाहतूक उजव्या बाजूनं चालते, तरी उलानबातरच्या रस्त्यांवर उजव्या स्टिअरिंगच्या जुन्या प्रियस सर्रास दिसतात.

पण ऑक्शन शीट जपानीत असतं, आणि बोटीत चढते ती गाडी. पलीकडच्या बंदरावर शीट हरवतं, किंवा साडेतीनचं चार होतं, किंवा मीटरवरच्या लाखाचे साठ हजार होतात. पाकिस्तानात शीट खरं की खोटं हे पैसे घेऊन तपासून देण्याचा एक वेगळा धंदाच उभा राहिला. बांगलादेशात या गाड्यांना ‘रिकंडिशन’ म्हणतात. नायजेरियात ‘टोकुन्बो’, योरुबा भाषेत परदेशात जन्मून घरी आलेल्या मुलाचं हे नाव. गाडीला इतकं प्रेमळ नाव मी दुसरीकडे ऐकलं नाही. केनियाचा नियम असा की आठ वर्षांपेक्षा जुनी गाडी उतरवायची नाही आणि निघण्याआधीच तिची तपासणी करून घ्यायची. त्यामुळे दर १ जानेवारीला एका सालच्या सगळ्या गाड्या मोंबासाच्या दृष्टीनं बाद होतात, आणि डिसेंबरात बोट गाठायची धावपळ. न्यूझीलंडनं तर फेब्रुवारी २०१८मध्ये गाड्यांनी भरलेली जपानी जहाजं बंदरावरून परत पाठवली. कारण? आत घाण वास मारणारे ढेकणासारखे किडे निघाले, आणि तिकडच्या फळबागायतदारांना त्यांची धास्ती.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं २०२०मध्ये मोजदाद केली. २०१५ ते २०१८ या काळात जगात १ कोटी ४० लाख जुन्या हलक्या गाड्या एका देशातून दुसऱ्या देशात गेल्या, निम्म्याहून जास्त युरोपातून. आणि दहातल्या आठ गरीब किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशांत. गाडीचा धूर तिच्याबरोबर जातो, हे सांगायला आकडे लागत नाहीत.

या सगळ्या प्रवासातलं मधलं स्टेशन म्हणजे दुबई आणि शारजा. इथे मला भेटले, म्हणजे व्हॉट्सअॅपवर भेटले, मूळ चिपळूणचे एक गृहस्थ. तीस वर्षं शारजात, पैकी बरीच जुन्या गाड्यांच्या शोरूममध्ये. आधी शहरातल्या अबू शगारा भागात फुटपाथला लागून गाळे होते, संध्याकाळी जत्रा भरल्यासारखी गर्दी; मग सरकारनं बाजार शहराबाहेर नेला. दुबईच्या रास अल खोरला ड्युकॅम्झ नावाची जुन्या गाड्यांची मुक्त व्यापाराची वसाहत आहे, २०००पासूनची. जपानहून आलेल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या तिथे उतरतात आणि बहुतेक आफ्रिकेकडे निघतात. काहींचं स्टिअरिंग डावीकडे नेऊन बसवतात. "डॅशबोर्ड कापतात हो," ते म्हणाले, "आतलं सगळं उलटं करतात. बघवत नाही."

तिथे ग्राहक पहिला प्रश्न विचारतो, जीसीसी की अमेरिकन? जीसीसी म्हणजे कंपनीनं आखातासाठीच बनवलेली, उन्हाळा सोसणारा रेडिएटर आणि एसी असलेली. अमेरिकन म्हणजे तिकडच्या लिलावातून आलेली, स्वस्त. आणि स्वस्त का, याचं उत्तर बऱ्याचदा त्या सॅल्व्हेजच्या शिक्क्यात, जो अटलांटिकपलीकडेच राहिलेला असतो. मात्र एक गोष्ट त्यांच्याकडे पक्की. गाडीवरचे दंड भरल्याशिवाय नाव बदलत नाही, आणि नाव बदलल्याशिवाय गाडी हलत नाही. नव्या नावाची ‘मुल्किया’ हातात आली की व्यवहार संपला. ओपन टीटीची गोष्ट मी त्यांना सांगितली तेव्हा ते हसले. "माहीत आहे की. गावची गाडी विकलीय मी."

गावची दुसरी गाडी त्यांना विकावी लागली नाही. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठी चिपळुणात शिरली तेव्हा ती अंगणात उभी होती. आणि मग १६ एप्रिल २०२४ला अमिरातींत पाऊस आला. अल ऐनकडे खत्म अल शकला इथे २४ तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर, तिथल्या नोंदींतला विक्रम. आपल्या २६ जुलैपुढं तो आकडा काहीच नाही, पण गटारांची फारशी गरजच न पडलेल्या शहरात तो पुरेसा होता. महामार्गांवर गाड्या तरंगत होत्या. "दुसऱ्या दिवसापासून," ते म्हणाले, "शोरूममध्ये जी गाडी येईल तिचा सीटबेल्ट आम्ही शेवटपर्यंत ओढून बघायचो. हे मला तिथल्या कुणी शिकवलं नव्हतं, चिपळुणात शिकलो होतो."

भारतात परदेशी जुन्या गाड्या का येत नाहीत, असं भाच्यानं मध्येच विचारलं. दार अगदी बंद नाही. पण तीन वर्षांहून जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं, उतरवायची ती फक्त मुंबई बंदरात, तपासणी करून घ्यायची, पुढं पाच वर्षं चालेल याची खात्री द्यायची, आणि वर गाडीच्या किमतीहून जास्त कर मोजायचा. एवढं करून कोण आणणार जुनी करोला?

त्यामुळे आपल्या समुद्राचं काम राज्यांच्या सीमा करतात. दिल्लीत डिझेलच्या गाडीला दहा आणि पेट्रोलच्या गाडीला पंधरा वर्षं अशी मर्यादा आधी हरित लवादानं घातली, २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली, २०२५मध्ये त्यावर पुन्हा बरीच ओढाताण झाली. तिथे मरायला टेकलेली डिझेल गाडी इकडे आली की तरुण. कोल्हापूर-सांगलीकडे दिल्ली पासिंगच्या मोठ्या गाड्या इतक्या स्वस्त का मिळतात, याचं कोडं यात आहे. स्वस्ताईत एनओसी, इथला रोड टॅक्स आणि आरटीओच्या खेपा मिळवल्या की शिल्लक फारशी उरत नाही, हे घेणाऱ्याला नंतर कळतं. सिंधुदुर्गात तसंच गोव्याचं. तिथे पर्यटकांना भाड्यानं दिलेल्या, काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांच्या गाड्या काही वर्षांनी पांढऱ्या पाटीवर येऊन विकायला निघतात. ज्या गाडीला दर तीन दिवसांनी नवा ड्रायव्हर मिळाला, तिला ‘सिंगल ओनर’ म्हणणं कागदोपत्री अगदी बरोबर असतं.

भाच्याला शेवटी गाडी मिळाली ती वाईत. मिस्त्रींनीच सुचवली, मालक त्यांच्या चुलतभावाच्या शाळेतले निवृत्त मुख्याध्यापक. सहा वर्षांची वॅगनआर, एमएच ११. आम्ही गेलो तेव्हा सरांनी गाडीआधी वही आणून ठेवली. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. प्रत्येक वेळी पेट्रोल भरलं ती तारीख, मीटरचा आकडा, लिटर, निळ्या शाईत. दुरुस्त्या तांबड्या शाईत. मिस्त्री ती वही पंधरा मिनिटं वाचत बसले आणि मग मला हळूच म्हणाले, "हिचं मीटर मागं घ्यायचं म्हणजे आधी ही वही परत लिहावी लागेल." मागच्या बंपरवर खरचटलेलं होतं. सर म्हणाले, "आमचं फाटक. १४ मार्च. लिहिलंय बघा." ती खूण त्यांनी रंगवली नव्हती.

विसार म्हणून अकरा हजार दिले. उरलेले पैसे बँकेतून गेले, आणि सरांनी स्वतःच्या हस्ताक्षरात डिलिव्हरी नोट लिहिली: तारीख, वार, वेळ सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटं. पाच दहाच्या आधी जे झालं ते माझं, नंतरचं तुमचं, असं त्यांनी वाचूनही दाखवलं. फॉर्म २९ दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतः भरला. एकच गोष्ट त्यांनी दिली नाही.

"दुसरी चावी राहू द्या माझ्याकडे," ते भाच्याला म्हणाले. "तुमच्या नावाचं आरसी आलं की फोटो पाठवा."

भाचा परतताना जरा नाराज होता. आरसी यायला सहा आठवडे लागले. त्यानं फोटो पाठवला आणि चौथ्या दिवशी कुरिअरनं पाकीट आलं. आत चावी, बेगडी कागदात गुंडाळलेली, आणि तांबड्या शाईत लिहिलेली चिठ्ठी: ‘विमा अजून माझ्याच नावावर आहे. तो बदलून घ्या. त्यातला नो क्लेम बोनस माझा आहे.’